पाणी बघ, असं मी म्हणालो

इंजिन तापलं की माणसाला आधी एकच सुचतं. बॉनेट उघडायचं आणि रेडिएटरचं झाकण फिरवायचं. तहानलेल्याला पाणी पाजावं इतक्या चांगल्या मनानं तो हे करायला जातो. मी आयुष्यभरात दुसऱ्याला जे काही शिकवलं असेल त्यातलं निम्मं एवढंच होतं, की त्या वेळी त्या झाकणाला हात लावायचा नाही. आणि ज्या दिवशी हे सांगायची खरी गरज होती, त्या दिवशी मी ते सांगितलं नाही.

दिवाळी अंकासाठी लिहा असा निरोप आला तेव्हा मागणी फौजेतल्या आठवणींची होती. मी खटाव तालुक्यातला, औंधच्या जवळचा. बंदुकीपेक्षा पानाच जास्त हातात धरला. गाड्यांचा मेकॅनिक म्हणून भरती झालो आणि हवालदार म्हणून पेन्शनीत आलो. पण फौजेतल्या आठवणी सांगणारा आमच्या भागात घरटी एक मिळेल. मला सांगायची आहे ती हकीकत त्यानंतरची, जतमधली.

माझ्याबरोबरच्या एका जवानाची जतला रस्त्याकडेला जागा पडून होती. "साब, इथं मिस्तरी न्हाई. सगळे सांगली गाठत्यात. तुमी बसा हितं," असं तो म्हणाला आणि मी बसलो. पत्र्याचं शेड, गाडीखाली उतरायला एक खड्डा, इंजिन उचलायला एक चेन-कप्पी. लोक मला फौजी म्हणू लागले, नंतर फौजी अण्णा. गॅरेजात मी फौजेतले नियम लावले होते. हत्यार जागच्या जागी आणि तापलेल्या गाडीला हात नाही. ट्रेनिंगमधल्या आमच्या उस्तादानं पहिल्याच आठवड्यात आम्हाला एक गरम इंजिन दाखवून चाळीस मिनिटं त्याच्यासमोर नुसतं उभं केलं होतं. कुणी बोलायचं नाही, बसायचं नाही. चाळीस मिनिटांनी तो म्हणाला, "हे शिका. बाकीचं पुस्तकात आहे."

ज्यांनी कधी बॉनेट उघडलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनात डिझेल जळतं, त्यातली बरीचशी उष्णता गाडी ओढायच्या कामी येत नाही. ती बाहेर काढली नाही तर लोखंड अडकून बसेल. म्हणून इंजिनाच्या अंगातून पाणी फिरवतात. तापलेलं पाणी वरच्या रबरी पाइपानं रेडिएटरमध्ये येतं, बारीक नळ्यांतून खाली उतरतं, समोरचा वारा आणि मागचा पंखा त्याला निववतात, आणि ते परत इंजिनात जातं. रेडिएटरच्या डोक्यावरचं झाकण नुसतं झाकण नसतं. त्यात स्प्रिंग असते. ते आतल्या पाण्याला दाबून धरतं. दाबाखालचं पाणी शंभर अंशाला उकळत नाही, पंधरा-वीस अंश आणखी वर जातं. घरातला कुकर आठवा. शिट्टी न काढता कुकरचं झाकण ओढायला कुणी जात नाही. पण गाडीचं झाकण तसंच आहे हे शिकलेल्या माणसालाही माहीत नसतं. झाकण फिरलं की दाब जातो, आणि आतलं पाणी एका क्षणात उकळून वाफेसकट उघडणाऱ्याच्या तोंडावर येतं, कारण तो वाकून आत बघत असतो.

विट्याकडचा एक गलाईवाला एकदा माझ्याकडं थांबला होता. दक्षिणेत कुठंतरी त्याचं सोनं गाळायचं दुकान होतं. विजापूरमार्गे गावाकडं चालला होता, नवी कोरी मोटार, बायको-मुलं आत. तापमानाचा काटा चढला म्हणून त्यानं वाटेत मिळेल त्या टपरीवरचं, बोअरचं, बाटलीतलं पाणी ओतलं होतं. मी त्याला तासभर सावलीत बसवलं. तो चिडला. "अवो, किती वेळ? झाकन काडून बघा की!" मी म्हणालो, "शेठ, मुशीतलं सोनं गरम असताना बोट घालून बघता का?" मग तो परत सावलीत जाऊन बसला. गाडी निवल्यावर मी झाकणावर जाड ओलं पोतं टाकलं, पहिल्या खाचेपर्यंत फिरवलं, उरलीसुरली वाफ जाऊ दिली, मग दाबून काढलं. आतून गढूळ, तांबूस पाणी निघालं. बिनक्षाराचं पाणी आणि कूलंट मापात मिसळून भरायचं असतं, हे त्याला तेव्हा कळलं. सोन्याचा कस डोळ्यांनी ओळखणारा माणूस, पण मोटारीच्या पोटात काय जातं ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं. मला त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला होता. शहाणपण सांगणाऱ्याला वाटतो तसा.

आता बिराप्पाकडं येतो.

बिराप्पा टँकर चालवायचा. वय पस्तिशीच्या आत, बारीक अंगाचा, कानात बाळ्या. घरची मेंढरं होती, थोरला भाऊ त्यांच्यामागं फिरायचा. हा मात्र लहानपणापासून गाड्यांच्या नादाचा. घरात कानडी, बाहेर मराठी. उन्हाळ्यात जतच्या पूर्वेकडच्या वाड्यांना टँकरनं पाणी जायचं, त्यातल्या चार वाड्या त्याच्याकडं होत्या. एका वाडीला दोन दिवसांतून एक खेप. खेप चुकली तर चार दिवस. त्यामुळं त्याची वाट बघणं हे तिथल्या बायकांचं रोजचं कामच होतं. टँकर जुना, पण तो त्याला फार जपायचा. माझ्याकडं आला की मी काम करत असताना बाजूला उकिडवा बसून बघायचा, विचारायचा, "अण्णा, ह्ये असं का?"

त्या वर्षी उन्हाळा लागायच्या तोंडाला तो ग्रीसिंगला आला, तेव्हा मी रेडिएटरमध्ये पाहिलं होतं. नळ्यांच्या तोंडाशी पांढरा थर. त्या भागातलं बोअरचं पाणी खारं. चहाच्या पातेल्याला आतून जसं पांढरं धरतं, तसं रेडिएटरला धरतं. नळ्या बुजतात, पाणी फिरत नाही. झाकणाचं रबरही कडक झालं होतं.

मी म्हणालो, "बिराप्पा, ह्यो काढून साफ करावा लागंल. दोन दिस गाडी सोड."

तो म्हणाला, "अण्णा, दोन दिस? त्या वाड्या मला जित्ता सोडत्याल का? पाऊस पडू द्या. पाऊस पडला की गाडी तुमच्या दारातच."

मी "बरं" म्हणालो. फौजेत असतो तर ती गाडी मी गेटच्या बाहेर जाऊ दिली नसती. कमांडिंग ऑफिसर आला असता तरी नसती जाऊ दिली. पण तिथं गाडी थांबली तर दुसरी गाडी मिळायची. इथं दुसरी गाडी नव्हती, हे मलाही दिसत होतं.

मे महिन्यात एका सकाळी अकराच्या सुमाराला त्याचा फोन आला. मी एका ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स खोलून बसलो होतो. दोन्ही हात वंगणात. फोन खांद्यानं कानाला धरला.

"अण्णा, काटा लाल पट्टीला टेकलाय. चढाला गाडी दम टाकती. वाडी समोर दिसायलीय."

"आरं मग पाणी कमी झालं आसंल. पाणी बघ, टाक."

"व्हय अण्णा."

फोन ठेवला. म्हणजे त्यानं ठेवला, मी खांदा सैल केला. एवढंच बोलणं. "निवू दे" हे दोन शब्द मी बोललो नाही. मला ते बोलायची गरजच वाटली नाही, कारण माझ्या डोक्यात ते इतकं पक्कं होतं की पाणी बघ म्हणजे निवल्यावर बघ, हेच मी म्हणालो असं मला वाटलं. पण त्याच्या कानावर गेलं ते तेवढंच.

पुढं काय झालं ते मला नंतर कळलं, वाडीतल्या तायव्वाकडून. सत्तरी ओलांडलेली बाई, वाडीतली सगळ्यात थोरली. टँकर वाडीच्या अलीकडं चढावर थांबला तसे लोक घागरी, बॅरलं टाकून तिकडं धावले. गाडी का थांबली म्हणून सगळे विचारायला लागले. बिराप्पानं समोरची जाळी वर केली, डोक्याचा टॉवेल काढून हाताला गुंडाळला, म्हणजे झाकण गरम असतं एवढं त्याला माहीत होतं, आणि झाकण फिरवलं.

तायव्वा म्हणाली, "आवाज झाला बाबा, टायर फुटल्यावानी. आनि प्वार दिसंनाच. नुसती पांढरी वाफ. मग वराडला."

चेहरा, मान, उजवा हात. लोक घाबरून मागं सरले. कुणी हळद आणा म्हणालं, कुणी शाई, कुणी टूथपेस्ट. तायव्वानं त्यांना हाकललं. तिच्या लेकीची लेक कधीतरी चुलीवरच्या आधणानं भाजली होती आणि तेव्हा दवाखान्यातल्या नर्सनं तिला सांगितलं होतं, की आधी पाणी, भरपूर पाणी, दुसरं काही नाही. तिनं दोन गड्यांना टँकरचा व्हॉल्व्ह उघडायला लावला. बिराप्पाला नळीखाली बसवलं, मान मागं धरून पाण्याची धार चेहऱ्यावरून आणि डोळ्यांवरून सोडायला लावली. दुसरी गाडी बोलावून ती यायला अर्धा तास लागला. तो सगळा अर्धा तास ती धार चालू होती. वाडीनं दोन दिवस ज्या पाण्याची वाट बघितली होती ते निम्म्यापेक्षा जास्त पाणी मुरमात मुरलं. खाली घागर धरा असं एकानंही म्हटलं नाही.

मला फोन आला तो बिराप्पाच्याच नंबरावरून. आवाज अनोळखी. "तुमी फौजी का? ह्यानं शेवटचा फोन तुमाला लावल्याला दिसतोय. ड्रायव्हर भाजलाय. मिरजंला न्ह्यालाय."

मी गिअरबॉक्स तसाच टाकला. आधी मिरजेला जायचं की टँकरकडं, हे ठरवायला मला थोडा वेळ लागला. दवाखान्यात त्याचा भाऊ पोचत होता. इकडं चढावर टँकर अडकला होता आणि वाडीत पाणी नव्हतं. मी टँकरकडं गेलो. आज वाटतं, मला बिराप्पाचा चेहरा बघायचा नव्हता म्हणूनही गेलो असेन.

झाकण पंचवीस पावलांवर बाभळीच्या बुडाशी पडलं होतं. टॉवेलही तिथंच. बंद इंजिन आता पूर्ण निवलं होतं. मी पाणी भरलं, झाकण बदललं, आणि इंजिनावर ताण न देता गाडी उतारानं माघारी घेतली. विहिरीवर टाकी भरली आणि चढावर दोनदा थांबत, दर वेळी निवायला वेळ देत, दुपारनंतर वाडीत पोचलो. लोकांनी रांग लावली. कुणी भांडलं नाही. तायव्वानं स्वतःची एकच घागर भरली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू कोन?"

"मी मिस्तरी, अव्वा."

"त्यो तुझ्याशीच बोलला व्हता का फोनवर?"

"व्हय."

"मग काय म्हनलास त्याला?"

मी सांगितलं नाही. पाणी कमी झालं होतं, एवढंच काहीतरी पुटपुटलो आणि नळी गुंडाळायला लागलो. ती घागर डोक्यावर घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मिरजेला गेलो. डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्याला धोका नाही. जागेवर लगेच इतकं पाणी घातलं म्हणून तो वाचला, आणि चेहऱ्याच्या जखमाही त्यामुळंच खोल गेल्या नाहीत. उजव्या डोळ्याचं बुबुळ भाजलं होतं. तो डोळा पुढं कधी नीट झाला नाही. बिराप्पाच्या तोंडाला पट्ट्या होत्या. माझा आवाज ओळखून त्यानं डावा हात हलवला आणि म्हणाला, "अण्णा, टँकर वाडीवर पोचला का?"

"पोचला," मी म्हणालो.

सहा महिने मी त्याच्याकडं जात राहिलो. मिरजेला, मग त्याच्या घरी. औषधं, गोळ्या, मलम. त्याची बायको यल्लव्वा माझ्यापुढं चहा ठेवायची आणि म्हणायची, "सख्खा भाऊ बी एवढं करनार न्हाई." ते मला ऐकवायचं नाही. एका डोळ्यानं आता अवजड गाडी चालवता येणार नव्हती. त्यानं लायसन्स पत्र्याच्या पेटीत ठेवून दिलं आणि भावाबरोबर मेंढरांमागं जायला लागला. सगळ्यांना सांगायचा, "माझीच घाई नडली." लोक मान हलवायचे. मीही हलवायचो.

पुढच्या उन्हाळ्याआधी एके दिवशी मी त्याला माळावर गाठलं. मेंढरं पांगली होती, तो बोरीच्या झुडपाशी बसला होता. मी शेजारी बसलो आणि सरळ सांगितलं.

"बिराप्पा, त्या दिवशी मी तुला फोनवर निवू दे म्हनलो न्हाई. नुसतं पाणी बघ म्हनलो. आनि त्याच्या आदी रेडिएटर बुजलेला दिसत असून गाडी जाऊ दिली. तुझी घाई न्हवती. चूक माझी हाय."

एक कोकरू बिराप्पाच्या पायाशी आलं, त्याला त्यानं बाजूला केलं.

मग म्हणाला, "अण्णा, मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"तुमी काय म्हनला त्ये. मिरजंला पडून पडून दुसरं काय आटवनार? रोज त्योच फोन कानात वाजायचा." पुढं तो म्हणाला, "पर तुमी निवू दे म्हनला असता तरी मी थांबलो असतो का न्हाई, मला सांगता येत न्हाई. वाडी समोर व्हती. लोकं पळत येत व्हती. कदी वाटतं थांबलो असतो. कदी वाटतं न्हाई."

"मग तू कुनाला सांगितलं का न्हाईस?"

"तुमी रोज येत व्हता," तो म्हणाला. "म्हनलं, ह्यो मानूस कवातरी सोताच सांगंल."

माफ केलं असं तो म्हणाला नाही, मी माफी मागितलीही नाही. उठताना तो एवढंच म्हणाला, "मला सांगून काय उपेग, अण्णा? माझी गाडी गेली. जे चालवत्यात त्यास्नी सांगा. सगळं सांगा, तुमचं बी."

त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला विहिरीवर, जिथं सगळे टँकर भरायला थांबतात, तिथं मी दहा-बारा ड्रायव्हरांना गोळा केलं. याआधीही मी तिथं कूलंट, क्षार, झाकण यावर बोललो होतो. तेव्हा ते तंबाखू मळत ऐकायचे. या वेळी मी बिराप्पाचा फोन सांगितला. शब्द न शब्द सांगितला. माझे वंगणाचे हात, खांद्यावरचा फोन, सगळं. मळणारे हात थांबले. मग कामाचं सांगितलं. काटा चढला की गाडी बाजूला, इंजिन बंद, हात खिशात. वरचा रबरी पाइप हातानं सहज दाबता येईपर्यंत थांबायचं, तास लागला तर तास. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, लोखंड तडकतं. काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवायचं नाही, गोड लागतं म्हणून जनावर पितं आणि मरतं. आणि मला फोन केलात तर मी काहीही म्हणो, आधी थांबायचं.

एकजण म्हणाला, "फौजी, ह्ये सगळं सांगितल्यावर तुमच्याकडं गाडी कोन आनंल?"

मी म्हणालो, "नका आनू. पर थांबा."

सगळे पांगल्यावर एकजण मागं राहिला. मल्लू नावाचा, चाळिशीचा, फार न बोलणारा. तो दुसऱ्या बाजूच्या वाड्यांना पाणी न्यायचा. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, माझा बी काटा आठ दिस झालं वर जातोय. कुनाला बोललो न्हाई. खेप बंद पडंल म्हनून."

"गाडी सोड," मी म्हणालो.

"उद्या वाडीची पाळी हाय."

"वाडीला मी सांगतो."

संध्याकाळच्या आत मी मोटारसायकलवर त्या वाडीत गेलो. पारावर उभं राहून सांगितलं की उद्या टँकर येणार नाही, परवा दहा वाजता येईल, आणि मी थांबवलाय. लोक चिडले. चिडणारच. एका बाईनं विचारलं, "उद्या लेकरास्नी काय पाजू, तुझं वंगान?" रात्री जतहून मी भाड्याच्या जीपमध्ये चार कॅन पाणी आणून दिलं. ते कुठल्या कुठं संपलं.

दुसरा पूर्ण दिवस मी तो रेडिएटर खोलून नळ्यांतला क्षार काढत होतो. मल्लू शेजारी बसून होता. बुजलेल्या नळ्या मोजता मोजता तो मध्येच थांबला आणि पुढं मोजलंच नाही. नवं झाकण बसवलं, कूलंट मापानं भरलं, इंजिन तासभर चालवून काटा बघितला. मध्यावर उभा होता, हलला नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या मागोमाग वाडीपर्यंत गेलो. चढ चढताना गाडी थांबली नाही. दहाच्या आधीच टँकर पारापाशी उभा राहिला. मल्लू केबिनमधून उतरला, नळी सोडली आणि व्हॉल्व्हला हात घातला. तेवढ्यात बायकांनी त्याला घेरलं. एक दिवस उशीर केला म्हणून त्या त्याला तोंड भरून शिव्या देत होत्या, आणि तो दोन्ही डोळ्यांनी त्यांच्याकडं बघत सगळ्या ऐकून घेत होता.